कासवीच्या खडपाखाली

"पाण्याखाली जावन माशे बघतंस म्हणे," ताटात भात वाढता वाढता मथुआक्का मला म्हणाल्या, "आणि वर येवन तेच माशे खातंस. त्यांका ओळख तरी दाखवतंस काय गो?"

माझ्या शेजारी बसलेल्या सावियोला हसता हसता ठसका लागला. मीही हसले असते, पण माझ्या पायाशी पिशवीत एक कौल होतं आणि ते बाहेर कसं काढावं हेच मला सुचत नव्हतं.

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पंचविशीत होते. सावियो फर्नांडिस आणि मी मालवणला पर्यटकांना स्कूबा करायला न्यायचो. हात धरून खाली उतरवायचं, मासे दाखवायचे, फोटो काढायचा आणि सुखरूप वर आणायचं, एवढंच आमचं काम. सावियोचा जीव मात्र बुडालेल्या जहाजांत. कुठल्याही बंदरात गेला की मच्छीमारांना तो एकच प्रश्न विचारायचा, "जाळां खंय अडाकता?" जाळं अडकतं तिथे खडक तरी असतो, नाहीतर जहाज. त्याच्या या नादापायी आम्ही आजवर खडकच फार बघितले होते.

त्या हिवाळ्यात त्याला देवगडच्या बाजूच्या वेळणे बंदरातून निरोप आला. तिथल्या भिकाजी खवळ्यांच्या जाळ्यात एक कौल आलं होतं. वेळण्यासमोर समुद्रात कासवीचं खडप आहे. ओहोटीला त्या खडकाची पाठ तेवढी वर दिसते, कासवीसारखी. त्याच्या बाहेरच्या अंगाला आदल्या वर्षीच्या वादळाने वाळू सरकली आणि तेव्हापासून भिकाजीकाकांचं जाळं तिथे अडकायला लागलं. या खेपेला ओढून काढलं, तर जाळ्याबरोबर शिंपल्यांनी मढलेलं, पण अख्खंच्या अख्खं मंगळुरी कौल वर आलं.

सावियो आनंदाने नाचत होता. मी ते कौल मांडीवर घेऊन जेटीवर बसून राहिले. वेळणे आणि कौलं हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या घरात बोलणं थांबायचं.

शेवटी मी पिशवीत हात घातला आणि कौल बाकावर ठेवलं. मथुआक्कांचा पळीवरचा हात तसाच राहिला.

"खंय गावला ह्यां?"

"कासवीच्या खडपाबाहेर. भिकाजीकाकांच्या जाळ्यात आलं."

पळी पातेल्यात ठेवून त्या समोर बसल्या. साठीला टेकलेली, काटक बाई. खानावळ एकटीने चालवायच्या, आणि मापात राहिला नाही तर ट्रक ड्रायव्हरलाही ताटावरून उठवायच्या.

"तू कोणाचां गो?"

"जुवाटकरांचं. गुणाजी खलाशाची नात मी. वैजयंती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कौलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "जुवाटकरांच्या घरातला माणूस माझ्या हातचां जेवला," त्या हळूच म्हणाल्या. "आणि माका म्हायतच नाय."

सावियोला काही कळेना. त्याला मी नंतर सांगितलं ते इथेच सांगते.

गोवा स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, वेळण्याचं 'दौलतगंगा' नावाचं गलबत मंगळूरला कौलं आणायला गेलं. तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, होता जानू कोयंडे. मथुआक्कांचे वडील ते. बरोबर पाच खलाशी, त्यांतला एक माझा आजोबा गुणाजी. मंगळुरातून कौलं भरून गलबत निघाल्याचं सगळ्यांना कळलं. वाटेत वेंगुर्ल्याच्या समोर दुसऱ्या एका गलबतावाल्यांनी त्याला बघितलं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याची शिडं पश्चिमेला वळलेली होती. मग वादळ आलं. वादळानंतर किनाऱ्याला एक फळी लागली नाही की एक दोर लागला नाही. बुडालं असतं तर काहीतरी आलं असतं, असं गाव म्हणालं. तेव्हा दुबईच्या सोन्याच्या गोष्टी घरोघरी चालायच्या. जानू तांडेल गलबत घेऊन दुबईला पळाला, माल विकला, खलाशांना वाटेत कुठेतरी संपवलं आणि तिकडे दुसरं घर थाटलं, हे वर्षभरात पक्कं होऊन गेलं. पुढे आखातात नोकरीला गेलेल्यांपैकी दर काही वर्षांनी कोणीतरी परत येऊन सांगायचा की मी जानूला शारजाच्या बाजारात बघितला.

माझ्या आजीने कुंकू पुसलं. मथुआक्कांच्या आईने पुसलं नाही. एकाच गलबतावर गेलेल्या दोन माणसांपैकी एक मेला आणि दुसरा मजेत आहे, असं गावाने ठरवून टाकलं होतं. विहिरीवर माझी आजी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तुझ्या घोवान माझ्या घोवाक खाल्ल्यान." त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांशी बोलली नाहीत. माझ्या बाबांना बाप आठवतही नाही. ते तेव्हा पाळण्यात होते. मोठे झाल्यावर ते गाव सोडून मालवणला आले, बर्फाच्या कारखान्यात लागले आणि पुन्हा वेळण्याला फिरकले नाहीत. पळपुट्याचं चेडू, म्हणजे पळपुट्याची मुलगी, म्हणून मथुआक्कांना मात्र कोणी मागणी घातली नाही.

"आम्ही उद्या खाली जाणार आहोत," मी त्यांना म्हटलं. "गलबत असलं तर कळेल. म्हणून आधी तुम्हाला विचारायला आले."

"नको जाव," त्या म्हणाल्या.

"आक्का, पण…"

"आयक माझां. माझो बापूस पळान गेलो. बरा केल्यान नाय. आता म्हातारो होवन खाटेर मेलोय असतलो. पण पाण्यात नाय मेलो. इतकी वर्सां मी रोज सकाळी चूल पेटवतंय आणि तेका चार शिव्या घालतंय. उद्या तू वर येवन सांगतलंस, तो कधीच बुडालो. मगे माझ्या शिव्या कोणाक लागल्यो?"

त्या उठल्या, ताटं उचलली आणि आत निघून गेल्या. कौल बाकावरच राहिलं.

सकाळी आम्ही सिलिंडर होडीत चढवत होतो. मी सावियोला म्हटलं, नको जाऊया. तो माझा निर्णय होण्याची वाट बघत पट्टे आवळत राहिला. तेवढ्यात जेटीवरून मथुआक्का आल्या. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, हातात पाण्याची बाटली. कोणाला काही न विचारता भिकाजीकाकांच्या खांद्याचा आधार घेऊन होडीत उतरल्या आणि मधल्या फळीवर बसल्या.

"आक्का, तुम्ही?"

"मीय येतंय. घराकडे बसान जीव जावचो, तो होडयेतच जांव दे."

भिकाजीकाकांनी इंजिन सुरू केलं. समुद्र शांत होता, थंडीतला असतो तसा निळा आणि तुकतुकीत. खडपाच्या बाहेरच्या अंगाला जाळं अडकल्याच्या जागी काकांनी नांगर टाकला. मी मास्क लावला, तोंडात नळी धरली आणि पाठीवर पडून पाण्यात गेले. शेवटची दिसली ती मथुआक्कांची पाठ. त्यांनी आमच्याकडे पाठ करून किनाऱ्याकडे तोंड केलं होतं.

नांगराच्या दोराला धरून आम्ही उतरलो. वरचं निळं पाणी हळूहळू हिरवं झालं, कानात दाब आला, तो सोडवत खाली गेलो. पन्नास-साठ फुटांवर तळ दिसायला लागला. आधी सगळे गोटे आणि वाळू. मग सावियोने माझा दंड धरला आणि बोट दाखवलं.

समुद्राच्या तळाला काहीच सरळ नसतं. इथे सरळ रांग होती. रांगेमागे रांग, कौलं उभी, एकमेकांना टेकून, कारखान्याच्या माणसांनी मंगळुरात रचली असतील तशीच. भोवतीचं लाकूड गेलं होतं, माल मात्र गलबताच्या पोटाचा आकार धरून बसला होता. फटींतून मासे आमच्याकडे टकमका बघत होते. मी पुढे होऊन एका कौलावरची वाळू झटकली. भिकाजीकाकांच्या कौलावर होता तोच शिक्का.

कौलं तर कोणत्याही गलबतात असतील, मी स्वतःला बजावलं. त्या काळी या वाटेने कितीतरी गलबतं कौलं आणत. नुसत्या कौलांवरून वर जाऊन कोणाचा बाप मेला असं सांगता येणार नव्हतं.

रांगांच्या एका टोकाला गंजून फुगलेली साखळी होती. ती खडपापासून उलट दिशेला, खोल समुद्राकडे गेली होती. आम्ही तिच्यावरून पोहत गेलो. साखळी वाळूत बुडायची, पुन्हा वर यायची. शेवटी नांगर दिसला, माणसाच्या उंचीचा, एक पंजा वाळूत रुतलेला. तिथून थोड्या अंतरावर दुसरी साखळी आणि दुसरा नांगर. दोन्ही साखळ्या ताणलेल्या. सावियोने दोन बोटं वर केली आणि मास्कमागे डोळे मोठे केले. मीही दोन बोटं दाखवली. पण त्याचा अर्थ काय ते आम्हा दोघांनाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

परत फिरून आम्ही दुसऱ्या टोकाला, खडपाच्या बाजूला गेलो. गलबताची मागची बाजू तिथे असणार होती. खडकावर जुनं नायलॉनचं जाळं अडकून लोंबत होतं. मी ते बघितलं, त्याला वळसा घातला, आणि खालून आलेल्या पाण्याच्या एका झोताने ते माझ्या पाठीवर आलं.

आधी वाटलं, सावियोच मागे ओढतोय. मग सिलिंडर हलेना. हात मागे नेला तर बोटंही अडकली. मी शेकडो लोकांना शिकवलं होतं की अशा वेळी धडपडायचं नाही, थांबायचं, श्वास मोजून घ्यायचा. ते लोक माझ्याकडे विश्वासाने बघायचे. आता मला स्वतःलाच ते सांगावं लागत होतं आणि छाती ऐकत नव्हती. श्वास जोरात यायला लागला, डोळ्यांसमोर नुसते बुडबुडे. मग सावियोचा चेहरा माझ्या मास्कजवळ आला. त्याने तळहात दाखवला. थांब. स्वतःच्या छातीवर हात ठेवून सावकाश वर-खाली केला. मी त्याच्या हाताकडे बघत श्वास घेतला. त्याने मला खाली वाळूपर्यंत दाबलं, म्हणजे जाळं सैल पडेल, आणि सुरी काढून मागून एकेक दोरा कापायला सुरुवात केली.

माझं तोंड वाळूपासून हातभर अंतरावर होतं. हलायचं नव्हतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून समोर होतं ते बघत राहिले. कलंडलेल्या कौलांखालून काळ्या लाकडाची एक कड बाहेर आली होती. सागवान असणार. इतकी वर्षं वाळूखाली राहिल्यामुळे किड्यांनी खाल्लं नव्हतं. मोकळ्या हाताने मी त्याच्यावर पाणी हलवलं. वाळू उडाली, खाली बसली. पुन्हा हलवलं. लाकडात छिन्नीने खोदलेली एक रेघ दिसली. मग वळण. मग आणखी एक रेघ. मी हात हलवत राहिले.

गं. आणि गा.

पुढे फळी तुटलेली होती. आधीची अक्षरं कौलांखाली होती. मी दोन कौलं अलगद बाजूला केली. 'दौ' पूर्ण होता, मधलं थोडं झिजलेलं होतं.

पाठीवरचा ताण एकदम गेला. सावियोने माझ्या खांद्यावर थाप मारली, सुटलीस. मी वळले नाही. तो माझ्या शेजारी आला, त्याने वाचलं, आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

धडपडीत माझी हवा बरीच खर्ची पडली होती. आम्ही निघालो. वर येताना मध्ये थोडा वेळ थांबावं लागतं. दोराला धरून आम्ही तसे थांबलो. वर होडीचा काळा तळ दिसत होता, आणि त्याच्या कडेवरून वाकलेली एक सावली. मथुआक्का आता किनाऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या खाली बघत होत्या.

होडीला हात लावला तेव्हा भिकाजीकाकांनी सिलिंडर वर घेतलं. मी कशीबशी आत चढले. मथुआक्कांनी मला पाण्याची बाटली दिली. मी चूळ भरली.

"आसा?" त्यांनी विचारलं.

"आहे. दौलतगंगाच आहे. नाव वाचलं मी."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. एकदम कामाचं विचारावं तसं विचारलं, "कौलां किती आसत?"

"पुष्कळ. सगळी असतील. रचलेली आहेत तशीच."

"म्हणजे विकल्यान नाय." मग लगेच, "नांगर?"

"दोन्ही टाकलेत, आक्का. समुद्राच्या बाजूला. साखळ्या ताणलेल्या आहेत."

"दोन्ही?" त्या भिकाजीकाकांकडे वळल्या. "आयकलंस रे? दोन्ही म्हणता ता चेडू."

काकांनी टोपी काढली. "पश्चिमेचो वारो असतलो," ते म्हणाले. "गलबत खडपार ढकलीत होतो. तेंका धरून ठेवचा होता."

"पळणारो नांगर टाकणा नाय," मथुआक्का म्हणाल्या.

मी मान वळवली. खडपापलीकडे वेळण्याचं बंदर स्वच्छ दिसत होतं, जेटी, माड, देवळाचा कळस. दुबईला निघालेला माणूस इथे कशाला येईल? वेंगुर्ल्यासमोर शिडं पश्चिमेला वळवली ती वादळात किनाऱ्यापासून लांब राहायलाच असणार. घरं दिसण्याइतका जवळ आला होता तो. कौलं भरलेलं गलबत दगडासारखं सरळ खाली गेलं असणार, आणि वरचं जे काही तरंगलं ते वादळाने भलतीकडे नेलं असणार.

"वैजू," त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. "तुका एक सांगतंय. आजपर्यंत कोणाक सांगूक नाय. माझ्या आवशीकय नाय."

"सांगा ना."

"थंय दुबईत तेचा एक चेडू होता. माझ्यापेक्षा ल्हान." सावियोने चमकून बघितलं. त्यांनी हात हलवला. "कोणी सांगलां नव्हता. मीच ठरवलंय, आठ वर्सांची असताना. बापूस पळालो म्हणजे थंय तेचा घर असतला, घर म्हणजे चेडू असतला. सोनी नाव ठेवलंय मी तेचा. तो तेका खांद्यार बसवन बाजारात नेता. तेका झगे घेता. माझ्या वयाची पोरां लग्न होवन गेली तेव्हा माका वाटला, सोनीचाय लगीन तेना थाटात केल्यान असतला. माका साडी नेसताना, आरशात बघताना, ता चेडू आठवायचा. बापाशीर इतको राग नव्हतो गो माझो. त्या सोनीर होतो. जन्मभर मी त्या पोरीचो दुस्वास केलंय."

आणि मग त्या हसायलाच लागल्या. पदराने डोळे पुसत, होडीची कड धरून, पोटातून हसायला लागल्या.

"ता चेडू नव्हताच गो! नव्हताच! माझ्याशिवाय तेका कोणी नव्हता."

मी ओल्या सूटनिशीच त्यांच्याजवळ सरकले आणि त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांचा पदर भिजला.

"तुझो आजोय थंयच रवलो," माझ्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या. "माझ्या बापाशीबरोबर. दोन-दोन नांगर एकट्या तांडेलाच्यान टाकूक होतत? गुणाजीचे हात असतले ते."

तोवर मी आजोबांचा विचारच केला नव्हता. आमच्या घरात ते फसलेले, विकले गेलेले, मारले गेलेले होते. ते साखळीला हात घालून उभे आहेत, घर दिसतंय, आणि ते सोडत नाहीत, असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी रडले ते तेव्हा.

किनाऱ्याला लागल्यावर बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.



"आक्का कशी आसा?" त्यांनी विचारलं. कोयंड्यांच्या घरातल्या कोणालाही त्यांनी नात्याने हाक मारलेली मी आजवर ऐकली नव्हती.

"बऱ्या आहेत."

"मी येतंय. पहिल्या गाडयेन."

ते आले. मथुआक्का म्हणाल्या, "बापाशीसारखोच दिसतंस रे," आणि बाबांनी खाली बघितलं, कारण आपला बाप कसा दिसायचा हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी भटजींना बोलावून किनाऱ्यावर सहा जणांचं तर्पण एकत्र केलं. बाकीच्या खलाशांच्या घरचेही आले. जानू कोयंड्यांचं नाव घेतलं गेलं तेव्हा पाणी मथुआक्कांनी सोडलं, आणि त्यांच्या हाताखाली हात धरला तो बाबांनी. सावियोने मागे उभं राहून स्वतःच्या पद्धतीने छातीवर क्रूस काढला. गलबताची खबर आम्ही सरकारी खात्याला रीतसर दिली आणि त्यानंतर तिथलं एक कौलही हलवलं नाही.

विधी आटोपले, मथुआक्का पुढे निघून गेल्या आणि मागे सगळ्यांना भुका लागल्या. बाबा म्हणाले, "आक्काकडे जावया." आम्ही गेलो तर खानावळीचं दार लोटलेलं. बाहेर दोन ट्रक ड्रायव्हर ताटकळत उभे होते. एकजण म्हणाला, "इतकी वर्षं येतोय, दुपारची खानावळ बंद कधी बघितली नाही."

मी दार थोडं ढकललं. आत चूल पेटलेली नव्हती. दोन बाक एकत्र जोडून, हाताची उशी करून, मथुआक्का आडव्या झाल्या होत्या आणि भर दुपारी, भिंती हलतील अशा घोरत होत्या.

बाबांनी ड्रायव्हरांकडे बघून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. दार त्यांनी हळूच ओढून घेतलं, पायरीवर बसले, आणि आक्का उठेपर्यंत कोणाला आत जाऊ दिलं नाही.